थट्टा कोणाची आणि हसतं कोण?

स्पॅनिश भाषेत 'बुर्ला' असा एक शब्द आहे. कोशात त्याचा पहिला अर्थ थट्टा, टवाळी, उपहास असा मिळतो. पण त्याच्यापासून झालेलं 'बुर्लार' हे क्रियापद पाहिलं की अर्थाला आणखी दोन फाटे फुटलेले दिसतात. एक फसवण्याचा आणि दुसरा हुलकावणी देण्याचा. कायद्याला बगल देणं, पहारेकऱ्याच्या हातून निसटणं यालाही स्पॅनिश माणूस हेच क्रियापद वापरतो. शेजारच्या पोर्तुगीज भाषेत तर 'बुर्ला' हे आज मुख्यतः फसवणुकीच्या गुन्ह्याचं नाव झालं आहे. थट्टा, फसवणूक आणि हुलकावणी ही तिन्ही भावंडं एकाच छपराखाली नांदावीत, याचं मला प्रथम नवल वाटलं. नंतर नवल ओसरलं. त्याचं कारण मी आयुष्यभर जिथं नोकरी केली त्या यवतमाळ जिल्ह्यात आहे.

मला स्पॅनिश येत नाही. उमेदीची वर्षं बँकेत गेली आणि रात्री कादंबऱ्या लिहिल्या. डॉन हुआन या जगप्रसिद्ध लंपटाची मूळ गोष्ट शोधताना मी या शब्दापाशी पोचलो. तिर्सो दे मोलिना याच्या नावावर असलेलं ते नाटक १६३०च्या सुमारास छापलं गेलं. त्याच्या नावातच 'बुर्लादोर' आहे, म्हणजे सेव्हिया शहराचा बुर्लादोर. इंग्रजी भाषांतरकारांची इथं पंचाईत झाली. कोणी त्याला ठक म्हटलं, कोणी छेलछबिला म्हटलं. एका शब्दात तो मावेना. हा गृहस्थ बायकांना लग्नाची वचनं देतो आणि पळतो. एकीच्या बापाला ठार करतो आणि पुढं त्याच मृताच्या दगडी पुतळ्याची दाढी ओढून त्याला जेवायला बोलावतो. देवाच्या दारी हिशेब द्यावा लागेल असं कोणी बजावलं, की त्याचं उत्तर ठरलेलं : अजून पुष्कळ मुदत आहे. नाटककारानं त्याच्या तोंडी घातलेला शब्द उधारीच्या व्यवहारातला आहे. बँकेत खुर्ची झिजवलेल्या माणसाला तो तत्काळ ओळखू आला! अखेर पुतळा जेवायला येतो आणि मुदत संपते.

आता आपल्या मराठीकडे वळू. या बाबतीत आपली भाषा स्पॅनिशपेक्षा श्रीमंत म्हणावी लागेल. तिनं एका छपराखालची भावंडं वेगळी काढून प्रत्येकाला स्वतंत्र घर दिलं. मस्करी, थट्टा, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, उपहास, विडंबन, विटंबना... ही नुसती समानार्थी शब्दांची यादी नाही. मस्करी मित्राची होते. टवाळी करणाराच थोडा वाया गेलेला असतो. कुचेष्टेत जखम आहे. उपहासाला शिक्षण लागतं. 'विडंबन' आणि 'विटंबना' मुळात एकाच संस्कृत शब्दातून आलेले. पण आचार्य अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले'मध्ये केलं ते विडंबन, आणि एखाद्या पुतळ्याची होते ती विटंबना. एकाला आपण टाळ्या देतो, दुसरीसाठी गावात बंदोबस्त लागतो.

'मस्करी' तर दूरदेशाहून आली आहे. अरबीतला 'मस्खरा' फारसीच्या वाटेनं आपल्याकडे उतरला. मुखवट्याला युरोपात जो 'मास्क' किंवा स्पॅनिशमध्ये 'मास्कारा' म्हणतात, त्याचं मूळही काही भाषाशास्त्रज्ञ याच अरबी शब्दात शोधतात. दुसरे लॅटिनकडे बोट दाखवतात. पहिल्यांचं खरं असेल तर आपली मस्करी आणि स्पॅनिश मुखवटा ही एकाच आजीची नातवंडं ठरतील. आणि ते पटण्यासारखं आहे. मस्करी करणारा क्षणभर मुखवटा चढवतो आणि लगेच काढून समोरच्याच्या पाठीवर थाप मारतो. मुखवटा काढायचा विसरला, की मस्करीची कुस्करी होते.

मराठीची आणखी एक खोच पाहा. खिल्ली, टर, रेवडी या सगळ्यांना आपण क्रियापद जोडतो ते 'उडवणे'. खळ्यावर उफणताना काय उडतं? भुसा. दाणा जड असतो, तो खाली पडतो. म्हणजे ज्याची खिल्ली उडवायची त्याला आधी हलका ठरवावं लागतं. स्पॅनिश शब्दातला फसवण्याचा अर्थ आपण 'बनवणे' या साध्या क्रियापदाकडे दिला आणि हुलकावणीचा अर्थ 'हातावर तुरी देणे' या वाक्प्रचाराकडे. कापसाच्या ओळींमध्ये तूर पेरणाऱ्या आमच्या जिल्ह्यात हा वाक्प्रचार ऐकला की माझ्या मनात नेहमी येतं, की इथं तुरी पिकवणारा कोण आणि त्या हातावर ठेवून पळणारा कोण!

मग थट्टा चांगली कोणती आणि वाईट कोणती? माझ्या मते कसोटी एकच आहे. ज्याची थट्टा झाली त्याला तिथल्या तिथं उलट बोलता येतं का? येत असेल तर ती मस्करी. येत नसेल तर तिला दुसरं नाव शोधा.

आपल्या जुन्या रीतिभातींना ही कसोटी माहीत होती. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणतात आणि त्या गाण्यांत सासू, सासरा, दीर, नणंद कोणी सुटत नाही. एरवी ज्या घरात सुनेला वर मान करून बोलायची सोय नव्हती, त्याच घराच्या ओसरीवर सासरची यथेच्छ थट्टा चाले आणि सासूबाई खिरापत वाटत. लग्नात विहिणी एकमेकींना गाण्यांतून टोचत, तेव्हाही दोन्ही बाजूंना तोंडं होती. आमच्या शकुंतला रेल्वेची थट्टा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ब्रिटिश कंपनीची अरुंद रुळांवरची गाडी. चालत्या गाडीतून उतरावं, पाय मोकळे करावेत आणि पुन्हा चढावं, असे किस्से सांगताना आम्ही हसायचो. पण ती बंद पडली तेव्हा हळहळलोही आम्हीच. आपल्या माणसाची थट्टा अशी असते.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येतो. वर्तमानपत्र उघडा. 'शेतकऱ्यांची क्रूर थट्टा' हा मथळा तुम्ही किती वेळा वाचला असेल? तो इतका सवयीचा झाला आहे, की त्यातली विचित्र गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. या थट्टेत कोणीही हसत नाही. ज्याची थट्टा झाली तो हसत नाही हे समजू शकतं. पण जिनं केली ती यंत्रणाही हसत नाही. ती गंभीर चेहऱ्यानं परिपत्रक काढते. तरीही बातमीदार आणि गावकरी दोघांनाही नेमका हाच शब्द सुचतो. का सुचतो?

काही दाखले आठवून पाहू. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत यवतमाळ होताच. पॅकेजात दुभती जनावरं देण्याची योजना होती. कोरडवाहू गावांत, जिथं माणसांना पाणी मिळण्याची मारामार, तिथं संकरित गायी आल्या. त्यांचा चारा, त्यांचं पाणी, त्यांचं औषध कोठून आणायचं? गाय घरच्या माणसांपेक्षा जास्त खाते, ही तक्रार पी. साईनाथ यांच्यासारख्या पत्रकारांनी त्या वेळी देशाला सांगितली. देणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण दान घेऊन माणूस अधिक गरीब होत असेल तर त्या दानाला काय म्हणायचं?

२००८ साली केंद्राची कर्जमाफी आली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ. त्याहून जास्त जमीन असेल तर पंचाहत्तर टक्के भरा आणि मग पंचवीस टक्के सवलत घ्या. कागदावर नियम सरळ होता. पण पाटाच्या पाण्यावरची पाच एकर आणि आमच्याकडची पावसावरची सात एकर यांत जमीन-अस्मानाचं अंतर. सात एकरांत कापूस लावणारा कोरडवाहू माणूस त्या नियमात 'मोठा शेतकरी' ठरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी मोठं म्हटलं, आणि तेही नेमकं नको त्या वेळी!

अलीकडच्या वर्षांत पीकविम्याच्या बातम्या येतात. हंगाम हातचा गेल्यावर भरपाई म्हणून खात्यात शंभर रुपयांहूनही कमी रक्कम जमा झाल्याचे प्रकार विदर्भातून पुन्हा पुन्हा छापून आले. तालुक्याला जाऊन पासबुकात ती नोंद करून घ्यायला एस.टी.चं भाडं त्याहून अधिक पडतं. ज्या संगणकानं तो आकडा काढला त्याला विनोदबुद्धी नाही. पण वाचणाऱ्याला आहे ना!

आणि सगळ्यांत जड शब्द आहे 'अपात्र'. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर कुटुंबाला एक लाख रुपयांची सरकारी मदत मिळते. त्यासाठी समिती बसते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवते. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, याची कागदपत्रं लागतात. कर्ज किती, थकलं किती, हा दाखला बँकेनं द्यायचा असतो. तो आकडा मी चोख लिहून द्यायचो. पण खासगी सावकाराचं देणं कोणत्याच खतावणीत नसतं, बापाच्या नावची जमीन कसणाऱ्या मुलाचं नाव सातबाऱ्यावर नसतं, आणि मग माणूस मरूनही अपात्र ठरतो. 'पात्र' म्हणजे भांडं, 'पात्र' म्हणजे नाटकातलं सोंग आणि 'पात्र' म्हणजे लायक. मरणाला लायकीचा शिक्का लावणारा हा शब्द कोणी दुष्टपणानं निवडलेला नाही. नेहमीच्या कार्यालयीन मराठीतून तो सहज आला. म्हणून तर तो अधिक बोचतो.

इथं मला स्पॅनिश शब्दाचा उलगडा झाला. आमच्या गावचा माणूस 'ही आमची थट्टा आहे' म्हणतो, तेव्हा त्याला टवाळी अभिप्रेत नसते. त्याला 'बुर्ला' अभिप्रेत असते. वचन दिलं, हुलकावणी दिली, आणि वर आपण काही दिलं असा देखावा केला. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की हसण्याची गरज उरत नाही. मराठीनं हे तीन अर्थ वेगळे ठेवले होते. आमच्या जिल्ह्याच्या अनुभवानं ते पुन्हा एका शब्दात कोंबले.

स्पेनमधल्या बैलझुंजीच्या रिंगणात कडेला लाकडी आडोसे उभे केलेले असतात. बैल अंगावर आला की लढवय्या त्यामागं सटकतो आणि शिंगं फळीवर आदळतात. त्या आडोशाचं नाव 'बुर्लादेरो'. हुलकावणी द्यायची जागा! बँकेतलं, तहसिलातलं, विमा कंपनीतलं काउंटर मला त्या फळीसारखं दिसतं. अलीकडे उभा असलेला कारकून काही क्रूर नसतो; तोही नियमाचा ताबेदार. पण फळी त्याच्या बाजूला आहे आणि रिंगण समोरच्याच्या.

आपल्याकडे मात्र बैलाला रिंगणात चिडवत नाहीत. श्रावण अमावास्येला पोळा असतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवून, झुली घालून बैल गावाबाहेर तोरणाखाली रांगेनं उभे राहतात. आणि मग वऱ्हाडात जे होतं, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. झडत्या सुरू होतात. एकजण पुढं होऊन चार-सहा ओळींची यमकं फेकतो, शेवटी शंकराचा जयघोष होतो, की दुसऱ्या टोकाकडून प्रत्युत्तराची झडती येते. विषय कोणते? कापसाचा भाव, खताची टंचाई, वीज, सावकार, पुढारी, बँक. मीही काही झडत्यांत आलो आहे, नावानिशी नाही, हुद्द्यानिशी. समोर पाटील उभा असतो, सरपंच असतो, कधी आमदारही असतो. दोर धरलेला सालदार त्यांच्या तोंडावर बोलतो आणि कोणाला रागवायची मुभा नसते. तोरण तुटलं की पोळा फुटतो आणि दुसऱ्या दिवशी सालदार पुन्हा औताला लागतो.

नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तिच्यासोबतचे बडगे वर्षभराच्या कारभाराची अशीच खबर घेतात. शंभर वर्षांहून जुनी ती परंपरा आहे. म्हणजे ज्या मुलखाची सर्वांत अधिक थट्टा झाली, त्याच मुलखानं उलट थट्टेची रीत सांभाळली. एक थट्टा वरून खाली येते, ती कागदावर असते आणि तिच्यात हसू नसतं. दुसरी खालून वर जाते, ती तोंडी असते आणि हसण्याशिवाय ती जगतच नाही.

वऱ्हाडच्या मातीनं हे अनेकदा सिद्ध केलं आहे. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर विदर्भातलेच. रूढींची टर उडवताना त्यांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही आपलीच माणसं पुढं केली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी तर कीर्तनात उभं राहून हजारोंना त्यांच्याच मूर्खपणावर हसायला लावलं. नवसाचं बोकड, कर्ज काढून घातलेली गावजेवणं, सगळ्यांची त्यांनी साध्या वऱ्हाडी प्रश्नांनी हजेरी घेतली. श्रोत्यांना राग का आला नाही? विचारणाऱ्याच्या अंगावर चिंध्या होत्या आणि हातात खराटा होता. तो श्रोत्यांपेक्षा एका पायरीनंही वर उभा नव्हता.

उलटही घडतं, आणि तेही सांगायला हवं. आमची बोली रंगमंचावर किंवा पडद्यावर आली, की पुष्कळदा ती गड्याच्या, बावळट पाहुण्याच्या तोंडी येते. 'काऊन बे', 'येऊन राह्यलो' एवढं म्हटलं की पुण्या-मुंबईच्या प्रेक्षागृहात हशा. विनोद काय झाला, हे कोणी विचारत नाही. मिर्झा रफी अहमद बेग यांच्यासारख्या कवींनी हीच बोली वापरून लोकांना पोट धरून हसवलं, पण तिथं बोली हसणाऱ्यांची स्वतःची होती. आणि ही बोली फक्त हसवण्यासाठी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी उद्धव शेळक्यांची 'धग' वाचावी. १९६० साली आलेल्या त्या कादंबरीतली कौतिक वऱ्हाडी बोलते आणि वाचणाऱ्याचा घसा दाटून येतो.

यवतमाळहून पुण्याला शिकायला गेलेली किती मुलं महिनाभरात आपली बोली पेटीत घालून ठेवतात! त्यांना कोणी मारलेलं नसतं. वसतिगृहात चार वेळा नक्कल झालेली असते, आणि राग आलेला दिसला की 'अरे, जोक होता!' असं उत्तर मिळतं. हे उत्तर म्हणजे आजचा बुर्लादेरो. थट्टा करून पटकन फळीमागं जाण्याची सोय. हल्ली हातात मोबाईल आल्यापासून ती फळी आणखी उंच झाली. कोणाची तरी फजिती चित्रित करून शंभर घरांत पाठवायची, आणि ज्याची फजिती झाली त्याला ते कोणी पाहिलं हेही कळायचं नाही. तो उलट बोलणार कोणाला?

झडतीचंही मला भय वाटतं, पण वेगळ्या कारणानं. आता गावोगाव झडत्यांच्या स्पर्धा होतात, बक्षिसं लागतात, मांडवावर पुढाऱ्यांचे फलक असतात. कला टिकते हे चांगलंच. पण ज्याच्या हातून बक्षीस घ्यायचं त्याच्यावर झडती कशी म्हणणार? हळूहळू तिच्यातला काटा बोथट होईल, आणि उरेल ती नुसती यमकांची आतषबाजी. गावाची तक्रार करण्याची जी एक हसरी जागा होती ती गेली, तर तक्रार कोणत्या वाटेनं बाहेर पडेल याचा विचार मला अस्वस्थ करतो.

म्हणून रविवारी घरात सगळे एकत्र असताना वाचकांनी एक साधी गोष्ट करावी असं सुचवतो. मुलांना थट्टा करू नका असं सांगू नका. थट्टेवाचून घर म्हणजे कचेरी. आजोबांची करा, बापाची करा, आमदाराची आणि बँकेच्या साहेबाची तर अवश्य करा. फक्त तोंड उघडण्यापूर्वी समोरच्याला उलट बोलता येईल का एवढं पाहायला शिकवा. आणि आमच्याकडचा एखादा शेतकरी हातात कागद घेऊन 'साहेब, मजाक करून राह्यले का?' असं विचारेल, तेव्हा तो विनोद करतो आहे असं समजू नका. तो अगदी अचूक शब्द वापरतो आहे. त्याचं उत्तर देणं लागतो आपण, आणि त्याची मुदत कधीच उलटून गेली आहे.